नव्या बाईंना कुणी विचारलं का, "पोरांबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

मोठी पोस्ट आहे. सवडीनं वाचा. पण घरात शाळेत जाणारं पोरगं असेल तर सवड काढाच.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची बातमी करायला कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. वाळवा तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं तर ज्यांना त्रास व्हायला नको नेमका त्यांनाच होईल. कार्यक्रम नेहमीसारखा. प्रतिमेला हार, नारळ, नऊवारी नेसून सावित्रीबाई झालेल्या दोन पोरी, सरपंचांचं भाषण, आलेल्या साहेबांचं भाषण. पत्रकार म्हणून मलाही दोन शब्द बोलायला लावले. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, असं सगळं मीही ठोकून दिलं. टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेच्या मागं तीन पोरी बसलेल्या. गणवेश नाही. एकीच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचा भाऊ. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, ह्या कोण? ते म्हणाले, "ती आपली न्हवंत. टोळीवरची हायत."

टोळी म्हणजे ऊसतोड्यांची. शाळेमागच्या रानात कोप्या पडल्यात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, पोरी कोपीवर भाऊ सांभाळतात. आपल्या भागात हे इतकं नेहमीचं आहे की कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. मलाही खुपलं नसतं. पण त्या पोरी शाळेत होत्या, हे जरा वेगळं होतं. त्यांना शाळेत कुणी आणलं?

नव्या मॅडमनी.

मॅडम मूळच्या मराठवाड्यातल्या. पवित्र पोर्टलवरून २०२४ मध्ये लागलेल्या. अजून शिक्षणसेवक. म्हणजे तीन वर्षं मानधनावर, महिना १६ हजार. २०२३ च्या आधी हेच मानधन ६ हजार होतं. आपल्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरला कुणी सहा हजारांत बोलावून दाखवावं. असो. तो वेगळा विषय.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला, साहेब गेले. मॅडम वर्गात वह्या तपासत होत्या. मी म्हणालो, या तीन पोरींवर चार ओळी लिहू का? त्या घाबरल्याच. म्हणाल्या, "सर, नका लिहू. आधीच बोलणी खाल्लीत."

कशाची बोलणी? तर झालं असं. डिसेंबरात मॅडम स्वतः कोपीवर गेल्या. आयांशी बोलल्या. भाषा जवळची, त्यामुळं आयांनी ऐकलं. भावाला घेऊन या, पण या, असं सांगून पोरींना वर्गात बसवलं. लगेच सुरू झालं. एक जण म्हणाले, चार महिन्यांची पाहुणी, कशाला डोक्याला ताप? दुसरे म्हणाले, चाचणीत वर्गाची टक्केवारी खाली येईल, वर कोण उत्तर देणार? गावातले एक पालक येऊन सांगून गेले, त्यांच्या डोक्यात उवा असतात, आमच्या पोरीशेजारी बसवू नका. आणि सगळ्यात जाणते जे होते ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही नव्या आहात. ही पोरं शिकत नसतात. दोन-चार वर्षांत तुम्हालाही कळेल."

मित्रांनो, ही अख्खी पोस्ट त्या एका वाक्यावर आहे. ही पोरं शिकत नसतात.

हे वाक्य म्हणणारा माणूस वाईट नाही. वेळेवर येतो, पगारापुरतं काम करतो, व्यसन नाही. बीएड आहे. पण "ही पोरं शिकत नसतात" हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप होतं. त्या पोरीला प्रश्न विचारला जात नाही. वही तपासली जात नाही. ती गप्प बसते. वर्षाअखेर तिला काही येत नाही. मग गुरुजी म्हणतात, बघा, मी म्हणत नव्हतो?

याचा अनुभव मला आहे. मी चौथीत असताना आमच्या वर्गात तीन रांगा होत्या. हुशार, मध्यम आणि ढ. मी ढ च्या रांगेत. शाळेचं आणि गुरुजींचं नाव घेत नाही, त्यांचा काळ वेगळा होता. पण त्या रांगेत फळा नीट दिसायचा नाही आणि आम्हाला कुणी उभंही करायचं नाही. पाणी आणायला, पटांगण झाडायला मात्र हमखास आमचीच नावं. 'ढ' म्हणायची पद्धत कुठून आली याची एक गोष्ट सांगतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळ्या अक्षरांची वळणं बदलली, ढ तेवढा होता तसा राहिला. म्हणून जो बदलत नाही तो ढ. पाचवीत दुसरे सर आले. त्यांनी रांगा मोडल्या आणि मला पुस्तक मोठ्यानं वाचायला उभं केलं. अडखळत वाचलं. ते थांबले, हसले नाहीत. एवढंच. आज मी लिहून पोट भरतो. पोरगा तोच होता. बदलली होती ती फक्त समोरच्या माणसाची त्याच्याबद्दलची समजूत.

आता सरकार शिक्षक निवडताना काय बघतं ते पाहू.

आधी टीईटी. दीडशे गुणांची. त्यातले ३० गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राला. तिथं प्रश्न येतात, मूल कसं शिकतं, चुकलं तर शिक्षकानं काय करावं. चार पर्याय. बरोबर पर्याय कुठला हे क्लास लावलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. मूल स्वतः शिकतं, चूक ही शिकण्याची पायरी, वगैरे. गोल काळा करायचा आणि पुढं जायचं. मग टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी. दोनशे प्रश्न, दोन तास. वेग, अचूकता, गणित, भाषा, बुद्धिमत्ता, आवड, सगळं त्यात. मग गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, जिल्हा, समुपदेशन, नियुक्तीपत्र. या एवढ्या लांबच्या वाटेवर एकदाही कुणी समोर बसवून विचारत नाही, बाई, कोपीवरची पोरगी शिकू शकते असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

तुम्ही म्हणाल, असं विचारलं तर सगळेच हो म्हणतील. बरोबर आहे. पेपरलासुद्धा सगळे हो म्हणतात. म्हणून तर मी म्हणतो की हे पेपरात कळत नाही, वर्गात कळतं. आणि वर्गात बघायला कुणाला वेळ नाही.

परीक्षा नकोत असं माझं म्हणणं नाही, गैरसमज नको. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांना अटक झाली, २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. परीक्षा नसती तर काय झालं असतं याचा विचार करा. आता १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. त्यावरून आंदोलनं झाली. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणं योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. पण एक नक्की. ते सगळे पास झाले तरी "ही पोरं शिकत नसतात" हे वाक्य स्टाफरूममधून जाणार नाही. ते ३० गुणांच्या पलीकडचं आहे.

मॅडमना मी विचारलं, तुम्ही ट्रेनिंगला गेलात तेव्हा हे काही बोललं जातं का? त्या हसल्या. म्हणाल्या, एका कॉलेजात कागद दिला होता. 'अध्ययन-अध्यापनाविषयी माझ्या धारणा', दहा ओळी लिहा. सगळ्यांनी मोबाईलवरून उतरवलं. मीही उतरवलं. बालककेंद्री, आनंददायी, कृतियुक्त. मार्क मिळाले.

मी म्हटलं, आणि खरं काय वाटतं?

थोडा वेळ गप्प बसल्या. मग बोलल्या ते मी वहीत टिपून घेतलं. एक, पोरगं घाबरलं की शिकणं थांबतं, म्हणून आधी भीती घालवायची. दोन, पोरगं घरी जी भाषा बोलतं ती चूक नसते, तिथूनच पुस्तकाच्या भाषेकडं न्यायचं. तीन, जे पोरगं आज वर्गात आहे त्याला आजच शिकवायचं, उद्या ते असेलच असं नाही.

तिसरं ऐकून मी लिहायचा थांबलो. टोळी हललेली, कोपी मोडलेली आणि पोरगी बैलगाडीवर बसून गेलेली ज्यांनी बघितलीय, त्यांनाच हे सुचतं. हे कुठल्या गाईडात नाही.

आता जाणते लोक म्हणतात, हे नव्याचे नऊ दिवस. विश्वासानं काय होतंय, पोरं शिकवायला पद्धत लागते. मान्य. पद्धत लागतेच. पण पद्धत कशातून जन्मते ते बघायला लांब जायला नको, आपल्याच मातीत बघू.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेच्या शिक्षकाबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं? शिक्षक शिकलेले, तयार केलेले हवेत. ते शक्यतो कष्टकऱ्यांतले हवेत, म्हणजे पोरांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील. नांगराला हात लावायची त्यांना लाज वाटता कामा नये. आणि त्यांना पगार बरा द्या. म्हणजे १४० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी त्या माणसानं शिक्षकाच्या मनात काय असावं आणि खिशात काय असावं, दोन्ही सांगून ठेवलंय. आम्ही जयंतीला हार घालतो आणि दोन्ही विसरतो.

कर्मवीर भाऊराव पाटील. कुंभोजला जन्म, घराणं आपल्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. स्वतः मॅट्रिक नाहीत. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकत गावोगाव हिंडले. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. त्या काळातही शहाणी माणसं म्हणतच होती की कुणब्याची, महारा-मांगाची पोरं काय शिकणार? अण्णांना वाटत होतं, शिकणार. मग शिकणार म्हणजे राहणार कुठं, खाणार काय? तिथून बोर्डिंग आलं, 'कमवा आणि शिका' आलं. बोर्डिंगातली चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. आणि अशी पोरं शिकवायची तर तशा मनाचे शिक्षक लागतील म्हणून १९३५ ला साताऱ्यात शिक्षक घडवायचं विद्यालयही काढलं. आधी विश्वास, मग पद्धत, मग संस्था. क्रम हा आहे. आम्ही तो उलटा केला. आज संस्था आहेत, पद्धतीचे जीआर आहेत आणि पहिल्या जागी भोक आहे.

म्हणाल, हे जुनं झालं. मग अलीकडचं घ्या. फलटणला मॅक्सिन बर्नसन नावाच्या बाई येऊन राहिल्या. मूळच्या अमेरिकेतल्या, पुढं भारताच्या नागरिक झालेल्या. गरीब वस्तीतल्या, शाळेत टिकत नाहीत म्हणून सोडून दिलेल्या पोरांना वाचायला शिकवणं हे त्यांनी काम मानलं. १९८० च्या दशकात प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. अख्खी मुळाक्षरं घोकून घेत बसण्यापेक्षा मोजकी अक्षरं घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही वाट तिथं धरली. परदेशातून आलेल्या बाईला फलटणच्या वस्तीतलं पोरगं शिकेल असं वाटलं, आणि आपल्या शेजारच्या गुरुजींना वाटत नाही, याला काय म्हणायचं?

त्याहून जवळचं म्हणजे सातारा तालुक्यातलं कुमठे बीट. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथल्या जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद प्रत्यक्षात आणला. साधी शाळा, साधी पोरं, पण पोरं स्वतः वाचत होती, गटात बसून गणितं करत होती. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून कुमठ्याला यायला लागले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा जीआर निघाला, त्या वेळी कुमठ्याचं नाव सगळीकडं घेतलं जात होतं.

पुढं काय झालं? बघायला आलेल्यांना वर्गाच्या फरशीवर रंगवलेले आकडे, अक्षरं, चौकोन दिसले. ते रंगवता येत होतं. मग गावोगाव पेंटर लागले. लोकवर्गणी झाली, फोटो निघाले, बातम्या आल्या. त्यातल्या काही मीही छापल्या. पुढं दोन वर्षांनी त्यातल्याच काही शाळांत गेलो, तर रंगवलेल्या फरशीवर बाकं मांडलेली, पोरं त्याच जुन्या रांगांत, हुशार पुढं आणि बाकीची मागं. कुमठ्यातनं रंग आणला, कुमठ्याचं मन आणायचं राहिलं. कारण रंगाचं बिल काढता येतं, मनाचं काढता येत नाही.

आता सगळा दोष गुरुजींवर टाकून मोकळा होणार नाही. निवडणुकीचं काम, सर्व्हे, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब, रोज एक नवी लिंक. दोनशिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्यानं चार वर्ग सांभाळायचे. अशात एखाद्याचा पोरांवरचा विश्वास झिजला तर मी त्याला फार दोष देणार नाही. आणि तालुक्याला असे शिक्षकही आहेत जे हे सगळं करून संध्याकाळी पोरं घेऊन बसतात. त्यांना हात जोडून नमस्कार.

पण आपण काय करतो? शाळेत गेलो की आपले प्रश्न ठरलेले. सेमी इंग्रजी आहे का? स्कॉलरशिपला किती बसले? नवोदयला, सैनिक स्कूलला कोण लागलं? शेवटच्या रांगेतल्या पोराला वाचता येतंय का, हा प्रश्न मी माझ्या एवढ्या वर्षांच्या पत्रकारितेत एकाही पालकाच्या तोंडून ऐकला नाही. आणि पत्रकार म्हणून आम्ही काय करतो? 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' ही जाहिरात छापतो. जाहिरात देणाऱ्याला दुखवायचं नसतं. पदविका घेताना शिकवलं होतं, ज्याला आवाज नाही त्याचा आवाज व्हा. त्या तीन पोरींना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. टोळ्या मात्र माझ्या जन्माआधीपासून येतात.

एक कायद्याची गोष्टही सांगतो, कारण काही जण म्हणतील मॅडमनी नियमाबाहेर केलं. उलट आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो, ६ ते १४ वयाच्या पोराला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित पोरांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे, म्हणजे पुढच्या शाळेला कळतं हे पोरगं कुठवर शिकलंय. मॅडम कायदा पाळत होत्या. बाकीचे टक्केवारी पाळत होते.

मग करायचं काय? माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. पैसे लागत नाहीत.

पहिली, शाळा व्यवस्थापन समितीला. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात. तुमच्या शाळेत नवीन शिक्षक आले की त्यांना चहाला बोलवा आणि विचारा, तुम्हाला पोरांबद्दल काय वाटतं, आमच्याकडून काय पाहिजे? भाषण नको, गप्पा मारा. त्यांना कळू दे की गावाला यात रस आहे.

दुसरी, अधिकाऱ्यांना. शाळाभेटीत रजिस्टर बघायच्या आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसा. त्या पोराला एक परिच्छेद वाचायला सांगा. आणि टोळीवरची पोरं घेतली म्हणून वर्गाची टक्केवारी घसरली, तर त्या शिक्षकाला नोटीस नको, शाबासकी द्या.

तिसरी, जुन्या जाणत्या शिक्षकांना. तुमचा अनुभव मोठा आहे, नव्यांना त्याची गरज आहे. फळा कसा लिहायचा, वर्ग कसा धरायचा, सगळं शिकवा. फक्त "दोन-चार वर्षांत तुम्हालाही कळेल" एवढं शिकवू नका.

ही पोस्ट लिहायला मॅडमनी शेवटी हो म्हटलं ते एका अटीवर. माझं नाव नको, शाळेचं नको, पण त्या पोरींचं सांगा. तर सांगतो. जानेवारीच्या शेवटी मी परत गेलो होतो. तिघींतली मधली, साधारण नऊ वर्षांची, मला तिचं स्वतःचं, बापाचं आणि गावाचं नाव पाटीवर लिहून दाखवत होती. गावाच्या नावात एक काना चुकला होता. भाऊ मांडीवर झोपला होता. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडेल, टोळी जाईल. हमी पत्रक भरून ठेवलंय असं मॅडम म्हणाल्या.

पुढच्या गावात ते पत्रक घेऊन ती पोरगी ज्या शाळेच्या दारात उभी राहील, तिथल्या गुरुजींना काय वाटत असेल, त्यावर आता तिचं सगळं आहे.

तुमच्या गावात टोळी आली असेल तर एकदा कोपीवर जाऊन बघा, शाळेच्या वयाची किती पोरं आहेत. आकडा खाली लिहा. गावाचं नाव लिहायला घाबरू नका, मी गटशिक्षण कार्यालयात स्वतः नेऊन देतो. आणि ज्यांना माझं पटलं नाही त्यांनीही लिहा, उत्तर देईन. फक्त "ही पोरं शिकत नसतात" एवढं लिहू नका. ते मी चौथीत ऐकलंय.